राबाच्या वासाची स्कॉच

"पप्पा, या स्कॉचचं धान्य दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर सुकवतात, मग दारू वाइनच्या पिंपात मुरवतात," जावई सांगत होता. मी ग्लास नाकाशी नेला आणि पोलादपूरच्या घरातून थेट नाते गावच्या शेतात पोहोचलो. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्या राबाचा तो धूर होता. त्यामागून पिकल्या करवंदांची गोडी आली.

तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं. सुमन राब भाजून आली. तोंडाला काजळी, ओच्यात माझ्यासाठी करवंदं. ओटीवर माझे महाडचे साहेब बसले होते.

"ही कोण?"

"कामाला येते," मी म्हणालो. ती मागच्या दारानं आत गेली.

सुमननंच लाजून स्वतःला मजूर म्हटलं, असा किस्सा घरात सगळे हसत सांगतात. मला सांभाळायला तिनंच तो रचला आणि मीही हसत राहिलो.

आज जावयाला म्हणालो, "त्या किश्श्यातलं ते 'कामाला येते' मी बोललो होतो."

सुमन दारात उभी होती. "अवो, आता जावयासमोर काय काढताव?" म्हणाली. पण आत गेली नाही. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"जरा मोठ्यानं सांगा. मला नीट ऐकू नाय आलं."