रिपोर्ट चांगला आला

आमच्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा मुलांची वजनं होतात. वीस वर्षं मी काटा टांगते आहे आणि वीस वर्षं आयांना एकच सांगते आहे, की वजनाच्या दिवशी लेकराला मुद्दाम भरवून आणू नका. तरी आणतात. सकाळीच केळं, वर पेलाभर दूध, एखादी तर रस्त्याने बिस्किटाचा पुडा संपवत येते. लेकरू हलकं भरलं तर चार बायकांत आईची मान खाली जाते, हे मला कळतं. पण काटा पोटातलं दूधही मोजतो. वाढीच्या तक्त्यावर लाल रंगात जायचं लेकरू पिवळ्यात जातं, आणि ज्याला सगळ्यांत आधी जादा आहार मिळायला हवा त्याचंच नाव यादीतून निसटतं. या बायांना मी पुष्कळ बोलले आहे. गोड बोलायची मला सवय नाही.

माझ्या मानेत गाठ निघाली त्याला आता सहा-सात वर्षं झाली. ऑपरेशनमध्ये थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढावी लागली. ती जे काम करत होती ते यापुढे गोळीने करायचं, जन्मभर. ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोज सकाळी उपाशीपोटी एक पांढरी गोळी. मला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. घरातलं मीठ संपू देत नाही, तशी ही गोळी संपू द्यायची नाही, एवढंच.

वर्षभराने मी मंद होऊ लागले. दुसरा शब्द नाही. कपाट उघडून उभी राहायची आणि काय काढायला आले ते आठवायचं नाही. ज्या मुलांचं बारसं मी जेवले त्यांची नावं जिभेवर येईनात. आवाज घोगरा झाला. मे महिन्यात आमच्या राळेगावकडे माणसं कूलरसमोरून हलत नाहीत, तेव्हा मी स्वेटर घालून बसायची. माझे यजमान जिनिंगमध्ये कामाला आहेत, दिवसभर रुईचा उकाडा सोसून येतात. ते म्हणायचे, तालुक्यात असा एकच नमुना आहे आणि तो नेमका माझ्या घरात.

बसने दीड-दोन तासांवर मोठा सरकारी दवाखाना आहे. तिथल्या एका वयस्क डॉक्टरांनी माझं नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, पांढरी गोळी शरीराला आत बदलून वापरावी लागते. बहुतेकांचं शरीर ते करतं, तुमचं पुरेसं करत नाही. रिपोर्टात टीएसएच हा थायरॉइडचा नेहमीचा आकडा ठीक दिसतो, पण टी-थ्री नावाचा आकडा खाली राहतो. यावर दुसरी एक गोळी आहे, ती बदलावी लागत नाही. ती पांढरीच्या जोडीला घ्यायची.

पण ती त्यांनी केसपेपरवर लिहिली नाही. सरकारी केसपेपरवर दवाखान्यात असलेलीच औषधं लिहायची, असा नियम आहे. बाहेरचं औषध एका कोऱ्या चिठोऱ्यावर लिहून देतात. त्यावर नाव नसतं, सही नसते, शिक्का नसतो. ते चिठोरं घेऊन नागपूरला गेले, तर पहिल्या तीन दुकानांनी हे कोणी लिहिलं म्हणून विचारलं. चौथ्याने मागवून दिली. एका बाटलीला माझ्या मानधनातला मोठा तुकडा गेला.

तीन महिन्यांत स्वेटर पेटीत गेला. मुलांची नावं परत आली. मागे पडलेलं रजिस्टर मी एका दुपारी बसून पुरं केलं. एके दिवशी रॉकेलच्या डब्यावरून यजमानांशी माझं चांगलं वाजलं, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "आता भांडून राह्यली, म्हंजे बरी झाली."

पुढे त्या डॉक्टरांची बदली झाली, आणि माझ्याने दर महिन्याला बाटली होईना. मी गोळ्या पुरवून घेऊ लागले. आधी एक दिवसाआड, मग अर्धी. हळूहळू पुन्हा कपाटासमोर उभी राहू लागले.

त्यांच्या जागी आलेली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरीचं एक वर्ष भरावं लागतं, त्या वर्षासाठी आलेली. मुलगी सरळ होती. तिने शोधून सांगितलं की यादीत नसलेलं औषध दवाखाना एका पेशंटसाठी खरेदी करू शकतो. त्यासाठी अर्ज लागतो, तीन डॉक्टरांच्या समितीची मान्यता लागते, आणि पांढऱ्या गोळीवर भागत नाही याचा पुरावा लागतो. म्हणजे दुसरी गोळी सहा आठवडे पूर्ण बंद ठेवायची आणि मग रक्त द्यायचं. टी-थ्री खाली दिसला पाहिजे. तो दिसला की औषध केसपेपरवर चढेल, शिक्क्यासकट, आणि मला औषधांच्या खिडकीवर फुकट मिळेल. तिने मला दोनदा बजावलं, "मावशी, मधे एकही घ्यायची नाही."

मी घेतली नाही. पाच आठवडे आणि काही दिवस. त्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. बादली उचलून ठेवली की बसावं लागायचं. मोबाईलच्या ॲपमध्ये मुलांची माहिती भरताना बोट उचलायचं आणि कुठे टेकवायचं ते कळायचं नाही. माझी मदतनीस पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहे. शाळा तिने चौथीत सोडली, पण त्या दिवसांत नाव ती सांगायची आणि मी तेवढं दाबायची. पर्यवेक्षिका मॅडमनी दोनदा चुका काढल्या. तिसऱ्यांदा त्यांनी त्या स्वतःच दुरुस्त केल्या. ते जास्त लागलं.

मग समितीची तारीख जवळ आली. सकाळी रक्त द्यायचं, दुपारी समितीपुढे बसायचं, रिपोर्ट नंतर फाइलला लागणार, असं ठरलं होतं.

मी अंगणवाडीची बाई आहे. तपासणी म्हटली की आमची तयारी आठवडाभर आधी सुरू होते. भिंती पुसायच्या, तक्ते बदलायचे, रजिस्टरांना कव्हर घालायचं, मुलांकडून गाणं घोटून घ्यायचं. वीस वर्षांत मी तपासणीला ढिसाळ गेलेली नाही. आता तीन मोठ्या डॉक्टरांपुढे मला माझी बाजू मांडायची होती, आणि माझ्या तोंडून तर सलग वाक्य निघत नव्हतं. जीभ जड, डोळे सुजलेले. अशी गेले तर हे लोक मला वेडी समजतील, ऐकूनच घेणार नाहीत, असं मनाने घेतलं. बाटलीत सहा गोळ्या उरल्या होत्या. मी हिशेब लावला, की दीड महिन्याचं दुखणं चार दिवसांच्या गोळ्यांनी थोडंच झाकतं? रक्तात जे खाली गेलं ते गेलंच. मला फक्त बोलता आलं पाहिजे.

चार दिवसांत सहाही घेतल्या. शेवटची रक्ताच्या दिवशी सकाळी, बसला निघण्याआधी.

खळ दिलेली साडी नेसले. कागद तारखेप्रमाणे लावून फाइल केली. मदतनीस केंद्राची किल्ली घ्यायला आली होती, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, लग्नाले चालल्या का दवाखान्यात? इतकं नटून गेल्या तं डॉक्टर तुमालेच खुर्ची देईन."

खुर्ची खरंच दिली. मी चांगली बोलले. ऑपरेशन कधी झालं, कुठली गोळी किती, कशाने काय फरक पडला, सगळं क्रमाने सांगितलं. त्यातले एक डॉक्टर म्हणाले, एवढी व्यवस्थित फाइल आमच्याकडचे लोकसुद्धा ठेवत नाहीत. परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली आणि मी खुशीत होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते.

आठवड्याने गेले तेव्हा त्या मुलीने फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली.

"रिपोर्ट चांगला आला, मावशी," ती म्हणाली. चांगल्या बातमीचा तो आवाज नव्हता. टी-थ्री अगदी जागेवर होता. खाली समितीचा शेरा होता. पेशंटची प्रकृती समाधानकारक, बोलणं सुसंगत, चालू मोफत औषध पुरेसं, वेगळ्या खरेदीची गरज नाही.

मी तिला गोळ्यांचं सांगितलं.

"किती घेतल्या?"

"सहा."

"का हो?"

मला नीट बोलायचं होतं, असं मी म्हणाले. तिने मान खाली घातली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने सगळं समजावलं. गोळ्या घेतल्याचं लिहून कळवलं तर पेशंट सूचना पाळत नाही असा शेरा पडेल, आणि तो कायम फाइलमध्ये राहील. नवा अर्ज करता येतो, पण पुन्हा सहा आठवडे, पुन्हा समिती, आणि समितीपुढे हा रिपोर्ट सगळ्यात वर असणार. शिवाय तिचं वर्ष पुढच्या महिन्यात संपत होतं. पुढे कोण येईल, येईल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. तिने पांढऱ्या गोळ्या दोन महिन्यांच्या लिहून दिल्या. कोऱ्या चिठोऱ्यावर दुसरीही लिहिली. ते चिठोरं मी पर्समध्ये ठेवलं. अजून तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर खिचडी शिजत असताना मदतनिसीला सगळं सांगितलं. तिने झारा हलवायचा थांबवला नाही. हलवता हलवताच म्हणाली, "बाई, तुमीच लेकरू पाजून आणलं नं."

मी मुलांच्या ताटल्या मांडायला घेतल्या.

त्याला आता आठ महिने झाले. त्या मुलीच्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही. खिडकीवर केसपेपर दाखवला की पांढऱ्या गोळ्या मिळतात. नवा अर्ज लिहायला दोनदा बसले. एकदा मधेच विसरले की कोणाला लिहिते आहे. यजमान म्हणतात, एखादी बाटली आणू. एक आणली तर महिना जातो, मग पुन्हा तेच खाली उतरणं, आणि ते उतरणं मी दोनदा पाहिलं आहे. हे एवढं लिहायलाही मला तीन आठवडे लागले. सकाळी तासभर डोकं बरं चालतं, तेवढ्यात चार-पाच ओळी.

मागच्या महिन्यात वजनं झाली. काटा टांगायला आता मदतनीसच चढते, आकडाही तीच मोठ्याने वाचते, मी लिहिते. एक आई दीड वर्षाची मुलगी घेऊन आली. हातांच्या काड्या आणि पोट टम्म, ओठाच्या कडेला दूध वाळलेलं. मला दिसलं. मदतनिसीलाही दिसलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आता बाई बोलतील म्हणून. आकडा पिवळ्यात आला. मी पिवळ्यात लिहिला. त्या आईकडे पाहून तिला काय सांगायचं ते माझ्या तोंडापर्यंत आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोर उपाशी असताना, काटा घेऊन तिच्या घरी जायला हवं होतं. चार घरं सोडून घर आहे. पूर्वी गेले असते. गेले नाही.