शून्य दशांश आठ

"मले नाही. मला. म्हण."

सर सगळ्यांसमोर म्हणाले. टेबलापलीकडे नर्सिंग प्रशिक्षण संस्थेचे दोन पदाधिकारी बसले होते. अलीकडे आमच्या ऑफिसातले पाच जण. मी एकटी उभी, हातात उघडा लॅपटॉप. मी एवढंच बोलले होते, "सर, मले बेरजेत चूक दिसून राहिली."

"मला," मी म्हणाले.

"पूर्ण वाक्य."

"मला बेरजेत चूक दिसते आहे."

"शाब्बास. आधी भाषा दुरुस्त करू, मग कॉम्प्युटरची चूक काढू."

पदाधिकारी हसले. आमचे लोकही हसले. लाज वाटली ती मला, हसणाऱ्यांना नाही. सरांचं घर भंडाऱ्यातलंच. त्यांची आई एकदा ऑफिसात आली होती, तेव्हा "मले पाणी दे वं बाई" म्हणताना मी ऐकलं होतं. पुण्यात शिकून आल्यापासून सरांना आमच्या बोलण्याचा वास येत होता.

मी त्याच जिल्ह्यातल्या आंधळगावची. बाबा हातमागावर विणतात. कॉम्प्युटरची पदवी घेऊन मी या ऑफिसात लागले आणि त्या संस्थेच्या प्रवेशाची वेबसाइट मी आणि आणखी एकानं मिळून बनवली. मुलीच्या परीक्षेचा गुणांक घ्यायचा, ग्रामीण भागातली असेल तर शून्य दशांश एक वाढवायचा. बेरीज शून्य दशांश आठ किंवा जास्त झाली की पात्र. बेरजेचा भाग दुसऱ्यानं लिहिला होता. मी तो तपासला नव्हता.

या बैठकीच्या चार दिवस आधी नाकाडोंगरीहून एक मुलगी आणि तिचे वडील ऑफिसात आले. वेबसाइटच्या तळाशी आमचा पत्ता होता, तो वाचून आले. वडील खाणीवर कामाला. हाताच्या रेषांत काळी भुकटी बसलेली. मुलीनं निकालाचा कागद पुढे केला. गुणांक ०.८०. खाली लिहिलेलं, अपात्र.

"आठ पाह्यजे होते, आठ आहेत," वडील म्हणाले. "मंग पोरगी कायले नापास?"

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तू त्यांच्यातलीच आहेस ना? त्यांच्या भाषेत समजावून सांग आणि वाटेला लाव."

मी बाहेर आले. कागद नीट पाहिलासुद्धा नाही. म्हणाले, "काका, मशीन सगळं बरोबर मोजते. थोडेसे कमी पडून राहिले पोरीले. पुढच्या साली भरजा."

वडील म्हणाले, "तुमी सांगता तं खरंच असन, बाई." आणि गेले.

इतक्या सहज. माझ्या बोलण्यावर.

ते गेल्यावर अस्वस्थ वाटायला लागलं. मी तिचे आकडे घेतले. परीक्षेचा शून्य दशांश सात. ग्रामीणचा शून्य दशांश एक. पोरंही सांगतील, आठ. मशीनला पूर्ण उत्तर दाखवायला सांगितलं. ०.७९९९९९९९९९९९९९९९.



एक तृतीयांश आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, तीन तीन तीन लिहीत राहावं लागतं. तसंच मशीनला एक दशांश पुरता लिहिता येत नाही. ते जवळचा आकडा धरून चालवून घेतं. स्क्रीनवर दोनच घरं दाखवायची म्हणून ०.८० दिसत होतं. आत निकाल मात्र त्या नवांवर लागत होता. शहरातल्या ज्या मुलीला थेट शून्य दशांश आठ होते, ती पात्र. खेड्यातलीला आमच्या वाढीव गुणानंच पाडलं.

उपाय साधा होता. प्रोग्रामिंगच्या भाषेसोबतच डेसिमल नावाचा क्लास, म्हणजे तयार कोड, येतो. आकडा कागदावर लिहितो तसा, अक्षरं म्हणून, त्याच्या हाती द्यायचा. मग तो आपल्यासारखी बेरीज करतो. केली. आठ आले. सगळी यादी पुन्हा चालवली. आणखी सहा मुली पात्र निघाल्या. सहाही खेड्यांतल्या.

हेच सांगायला मी बैठकीत उभी राहिले होते. हशा झाल्यावर पुढचं कोणी ऐकून घेतलं नाही.

बैठक संपल्यावर सरांनी केबिनचं दार लावलं.

"चूक आहे हे मला कळलंय. पण यादी लागली आहे. सहा खेडवळ मुलींसाठी मी नाक कापून घेऊ? स्क्रीनवर ०.८० दिसतं तिथे ०.७९ दिसेल असं कर. कोणी विचारणार नाही."

"हे खोटं होईल, सर."

"आणि कोणी आलंच तर तू आहेस. तुझं बोलणं त्यांना पटतं. त्यासाठीच तर ठेवलंय तुला."

त्यांची किळस आली. त्याहून जास्त माझी. माझा कोड नको होता त्यांना. माझी जीभ हवी होती. आणि मी ती एकदा दिलीही होती.

"मी करत नाही. मले जमत नाही."

"काय म्हणालीस?"

"मले जमत नाही."

या वेळी त्यांनी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या प्राचार्य मॅडमकडे गेले. सहा नावं, सहा बेरजा, हातानं मांडलेल्या. सोबत अर्ज. त्यात लिहिलं, की यातल्या एका मुलीला मी स्वतः खोटं सांगून परत पाठवलं. खाली सही केली. नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

सुधारित यादी लागली. 'तांत्रिक दुरुस्ती' असं वर लिहिलेलं. आमच्या टीमनं तत्परतेनं दोष शोधला, असा मेल सरांनी संस्थेला पाठवला. पाच मुली हजर झाल्या.

नाकाडोंगरीची आली नाही. मी तिच्या घरी गेले. ती कुठं आहे ते वडिलांनी सांगितलं नाही. मला बसा म्हणाले नाहीत.

"एकदा नाही म्हणले, आता हो म्हणून राहिले. उद्या आणखीन नाही म्हणान. नाही पाठवत." मग म्हणाले, "साहेब बोलला असता तं भांडलो असतो, बाई. तुमी आपल्या बोलीत बोलल्या. मनून गुमान गेलो."

मी दारातूनच परतले.

दुसरीकडे काम मिळालं आहे. तिथेही कधीतरी मला पुढे करतील, तुझ्या लोकांना तू सांग म्हणतील. तेव्हा मी आधी कागद मागेन. बेरीज स्वतः करेन. खरं असेल तर सांगेन. खोटं असेल तर त्याच खोलीत, सगळ्यांदेखत, सांगणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणेन. खोटं बोलायला माझं तोंड कोणाला भाड्यानं मिळणार नाही.