करंजवाडीतला सिनेमा आणि अंबूचं लग्न

मारुतीराव शहरातल्या कॅम्प भागातल्या आमच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मूळचे काकतीचे. सरकारच्या प्रचार खात्याच्या गाडीवर ते प्रोजेक्टर चालवायचे. खानापुरापासून निपाणीपर्यंतची खेडी त्यांनी त्या गाडीतून पालथी घातली होती. माणूस गोडबोल्या, थोडा मिरवणारा. स्वतःच्या आवाजावर त्यांचं भारी प्रेम होतं, आणि खरं सांगायचं तर आवाज होताही तसाच.

फिल्म यायची हिंदीतली नाहीतर कन्नडमधली. मराठी गावात गेलं की मारुतीराव फिल्मचा आवाज बारीक करायचे, माईक हातात घ्यायचे आणि सगळं स्वतःच मराठीतून सांगायचे. नुसता तर्जुमा करून गप्प बसतील तर ते मारुतीराव कसले. पडद्यावर म्हैस आली की ती दूध किती देत असेल, हेही सांगून मोकळे व्हायचे.

वर्षानुवर्षं त्यांनी देवीची लस, नसबंदी आणि युरिया दाखवला. फिल्म दाखवली की मागोमाग ती गोष्ट गावात यायचीच. देवीची दाखवली, सुईवाले आले. नसबंदीची दाखवली, शाळेत कॅम्प लागला. युरियाची दाखवली, सोसायटीत पोती आली. लोकांनी मनाशी पक्कं धरलं होतं की पडद्यावर येतं ते पुढं दारात येतं. मारुतीरावांना याचा अभिमानच होता.

ब्याऐंशी साली खात्याकडं राष्ट्रीय उद्यानांच्या इतिहासावरची माहितीपटांची एक मालिका आली. जगातलं पहिलं उद्यान कसं झालं तिथपासून सुरुवात, मग राजेरजवाड्यांच्या शिकारी, मग आपल्याकडची जंगलं. मारुतीराव नुसते हरखून गेले. "इतकी वर्सं लोकांस्नी हे करा, ते करू नका सांगत आलोय. आता पहिल्यांदा नुसती गोष्ट सांगायला मिळालीया," असं मला म्हणाले.

ही गोष्ट त्यांनी करंजवाडीला सांगितली. करंजवाडी म्हणजे खानापूरच्या पुढं, अगदी रानाला चिकटलेलं गाव. त्यांची धाकटी बहीण मनुबाई तिथं दिलेली. तिच्या अंबूचं लग्न बेळगुंदीच्या भावकूच्या मुलाशी ठरलं होतं, सुपारी फुटली होती, पाडव्यानंतरची तारीख धरली होती. व्याह्यांनाही सिनेमाला बोलावलं होतं. देवळापुढं पडदा लागला. एका भागात उद्यानासाठी आतली वस्ती उठवल्याची गोष्ट होती. हिंदीत ती एका वाक्यात संपत होती. मारुतीरावांनी ती चांगली रंगवली. गाड्या भरल्या, चुली फोडल्या, म्हाताऱ्या मागं वळून वळून बघायला लागल्या. यातलं पडद्यावर काहीच नव्हतं. मंडळी मात्र चिडीचूप झाली, आणि मारुतीराव खूश होऊन कॅम्पात परत आले.

आठवडा झाला नसेल, मनुबाई पहिल्या बसनं आमच्या दारात हजर. तोंड उतरलेलं.

"अण्णा, काय करून ठेवलास रं? भावकूअण्णानं सोयरीक मोडली."

कारण सरळ होतं. सरकारची गाडी आली, सिनेमा दाखवून गेली, तेव्हा करंजवाडी आता उठणार. कुणी म्हशी विकायला काढल्या होत्या, कुणी कौलं शाकारायचं थांबवलं होतं. आणि गाव उठल्यावर मुलीचे आईबाप जाणार कुठं? जावयाच्याच दारात.

मारुतीराव तडक बेळगुंदीला गेले. नुसता सिनेमा आहे, सगळ्या जिल्ह्यांना पाठवलाय, असं परोपरीनं सांगितलं. भावकू ढिम्म. तो काही वाईट माणूस नव्हता, हिशेबी होता.

"मारुतीराव, तुमी दावलासा आन ते आलं न्हाय, असं एक सांगा बघू. आवं, उद्या गाव उठलं की सगळं खटलं, माणसं-म्हशी, माझ्या सोप्यात ऱ्हायला. मी कुणाकुणाला खायाला घालू?"

मारुतीरावांना एकही उदाहरण सुचलं नाही. ज्याचा इतकी वर्षं तोरा मिरवला, तेच आता भाचीच्या मुळावर आलं होतं. परत आले ते जेवलेच नाहीत. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी पुढच्या दौऱ्यात बेळगुंदी घालून घेतली. तीच मालिका, तोच भाग. बेळगुंदीत कुठलं आलंय राष्ट्रीय उद्यान? सगळी भाताची नि रताळ्याची शेतं. तिथंही हाच सिनेमा लागला, तर त्याच्यामागनं काही येत नसतं, हे भावकूला आपोआप कळेल, असा त्यांचा डाव.

या वेळी त्यांनी चुली वगैरे काही फोडल्या नाहीत, हिंदीत होतं तेवढंच सांगितलं. तरी सिनेमा संपल्यावर कुणी जागचं हलेना. एका म्हातारीनं विचारलं, "वाघ सोडणार ते भात पेरल्यावर का आदी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच भावकू कॅम्पात आला. मारुतीराव उत्साहानं समजावायला लागले, "बघितलासा न्हवं? तुमच्यात कसलं आलंय जंगल? म्हंजे नुसता शिनिमाच की त्यो."

भावकूनं चहा बशीत ओतला, प्यायला, विचार केला.

"खरं असंल तर दोनी गावं उठणार. मग कोण कुणाच्या सोप्यात येतंय? आन खोटं असंल तर सवालच मिटला. तारीख हाय तीच ठेवा."

मारुतीरावांचा डाव जसा चालायचा होता तसा चालला नाही, पण लग्न झालं. करंजवाडीतच, मुलीच्या दारात, वाजतगाजत. मीही गेलो होतो. अंबूला घेऊन वऱ्हाडाचा ट्रक बेळगुंदीला गेला, मांडव रिकामा झाला. मारुतीराव बहिणीशेजारी टेकले. स्वारी खुशीत होती.

"उगंच घाबरली हुतीस. नुसता शिनिमा हाय म्हणून सांगत हुतो का न्हाय?"

मनुबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "भावकूअण्णाला सांग ते. सरकार उगंच कशाला एवढं डिझेल जाळून हितपत्तोर येतंय?"

"म्हंजे तुलाबी खरंच वाटतंय?"

"मग? म्हणून तर तुझ्या दारात आलतो. गाव असंस्तोवर पोरीला भायेर काढायची हुती. आमचं काय व्हायचं ते हुईल."

मारुतीरावांनी तोंड उघडलं. असं काही होणार नाही, एवढंच म्हणायचं होतं त्यांना. पण ते त्यांना तरी कुठं माहीत होतं? माईकवर तासन् तास बोलणारा तो माणूस उठला आणि मांडवातल्या सतरंज्या गुंडाळायला लागला, आणि मला त्या दोघांकडं बघवेना.