लाउस्ट बर्टलसनने नाकारलेला कप

लाउस्ट बर्टलसनचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. गाय हंबरायच्या आधी तो उठलेला असे. भाजलेल्या जवाचे गरम पाणी भांडेभर पोटात गेले की तो धार काढायला बसे. मग खाणीपर्यंत दीड कोसाची चाल. उजाडताना पहिला घाव पडलेला असला पाहिजे, हा त्याचा नेम. कोणी बघत नव्हते, कोणी विचारत नव्हते. तरी नेम तो नेम.

युटातल्या सॅनपीट खोऱ्यात मॉर्मन लोक टेकडीवर मंदिर बांधत होते आणि दगड त्याच टेकडीतून निघत होता. पिवळसर, जरा मऊ दगड. टाकी लागू देतो, पण घाई चालू देत नाही. वितीवितीवर भोके पाडायची, पाचरी बसवायच्या, आणि एकेका पाचरीला एकच घाव घालत पुढे जायचे. शेवटच्या पाचरीवरून पुन्हा पहिलीवर. एकाच पाचरीवर राग काढणाऱ्याचा दगड वाकडा फुटतो. लाउस्टचा दगड पाव कापावा तसा सरळ फुटे.

खोऱ्यातली निम्मी माणसे त्याच्यासारखीच डेन्मार्कहून आलेली. धर्माने त्यांना दारू, तंबाखू आणि कॉफी सोडायला सांगितले होते. दारू बहुतेकांनी सोडली. कॉफी मात्र कित्येक घरांतून पडदा ओढून चालू होती.

"अख्खं गाव पितंय," त्याची बायको सिसेल म्हणे. "देवाला काय पडद्याआडचं दिसत नाही वाटतं?"

"त्यांचं त्यांच्यापाशी."

"आणि तुझं हे जवाचं पाणी? गायीपुढे ठेवलं तर तीसुद्धा तोंड फिरवील."

लाउस्ट हसे आणि जवाचेच भांडे पुढे करी. सोडली म्हणजे सोडली. पण हाच हट्ट त्याला एकदा फार महाग पडला होता, आणि ते सिसेलला ठाऊक होते.

गोष्ट त्याच्या आईची. आबेलोने तिचे नाव. डेन्मार्कात, जटलंडच्या उत्तर टोकाला, दलदलीच्या काठावर तिचे एका खोलीचे घर. नवरा लवकर गेला. पोरगा चोवीस वर्षांचा झाला आणि मॉर्मन होऊन अमेरिकेला निघाला. तेव्हा ती म्हणाली, "जा. पण हे दार मग तुला नाही." तो गेला. सिसेलशी लग्न करून, दोघांनी मिळून एक हातगाडी ओढत सहाशे कोसांहून जास्त माळ तुडवला. दर वर्षी त्याने आईला एक पत्र लिहिले. अठरा वर्षांत अठरा. उत्तर एकाचेही नाही.

मग एका रविवारी सभेत बिशप फ्रान्सनने कागद उघडून नावे वाचली. आधी विचारायची पद्धत नव्हती. नाव वाचले की माणसाने निघायचे, खर्च ज्याचा त्याने बघायचा. "बंधू लाउस्ट बर्टलसन. धर्मप्रचाराला. डेन्मार्क, दोन वर्षं."

सिसेलने त्याच्या कोपराला धरले. "जा. आईला भेट."

"नांगरट?"

"मी आहे."

"आणि पाटाच्या पाण्याची पाळी? कधी पहाटे येते, कधी भर दुपारी."

"फावडं काय तुझ्या एकट्याच्या हाताला ओळखतं?"

तो गेला. एप्रिलच्या शेवटी आईच्या दारात उभा राहिला. तिने दार उघडले, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बाजूला सरली.

"बूट पूस," म्हणाली.

तो बसला. तिने फडताळाच्या मागच्या अंगाने एक पुडके काढले. आत मूठभर कॉफीचे दाणे. तसल्या घरात खरे दाणे म्हणजे लग्न किंवा मयत. एरवी भाजलेल्या मुळांवरच भागवायचे. तिने ते दाणे हातगिरणीत घातले, गुडघ्यांत गिरणी धरून दळले, पाणी उकळले. दोन कप मांडले. काठाला निळी रेघ असलेले, तिच्या लग्नातले. दोन्ही भरले.

लाउस्टने कपावर हात आडवा धरला.

"मी घेत नाही, आई. आम्ही घेत नाही."

तिने किटली खाली ठेवली. तेवढ्यात त्याने खिशातून वही काढली. मॉर्मन माणूस आपल्या मेलेल्या वाडवडिलांची नावे लिहून नेतो, मंदिरात त्यांच्या नावाने पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो, म्हणजे तेही आपल्यात येतात. दोन वर्षांत जमेल तितकी नावे न्यायची असे त्याने बोटीवरच ठरवले होते.

"आजोबांच्या वडिलांचं नाव काय गं? आणि त्यांच्या आईचं?"

आबेलोनेने त्याचा कप उचलला आणि कॉफी परत किटलीत ओतली. थेंबही सांडला नाही.

"अठरा वर्षांनी आलास," ती म्हणाली. "जे गाडलेत त्यांची चौकशी आधी. आणि ही समोर बसलीय, तिचा गुडघा कसा आहे, सरपण आहे का नाही, विचारावंसं वाटलं नाही?"

"आई, तसं नाही..."

"ऊठ. दार तुला ठाऊक आहे."

तो बाहेर पडला. दार लागले. अठरा वर्षे तो ज्या दाराची स्वप्ने बघत होता ते त्याने पाव तासात पुन्हा बंद करून घेतले होते.

त्या गावात त्याचे कोणी ऐकून घेतले नाही. दोघांनी कुत्री सोडली. तो एका गोठ्यात झोपे आणि बाकीच्या गावांतून प्रचार करत हिंडे. पण मे महिना लागला तसा तो आठवड्यातले तीन दिवस पहाटे आईच्या वाट्याच्या दलदलीत उतरू लागला. तिथली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात आणि हिवाळाभर तीच जाळतात. कंबर मोडणारे काम. पाणी घोट्यापर्यंत, ओली वीट दगडाइतकी जड. कापायची, वर फेकायची, पसरायची, आठ दिवसांनी उलटायची, मग रचायची. ती आदल्या वर्षी हे एकटीने करत होती, पासष्टाव्या वर्षी. पहिली ओळ कापतानाच ते त्याच्या ध्यानात आले आणि त्याचे त्यालाच तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

पहिला आठवडा ती दारात उभी राहून बघे. दुसऱ्या आठवड्यात बांधावर आली.

"वीट जाड कापतोयस. वाळायची नाही."

तो पातळ कापू लागला.

तिसऱ्या आठवड्यात तिने ताकाचे मडके आणले आणि बांधावर ठेवले. त्याच्या हातात दिले नाही.

"गुडघा कसा आहे?" त्याने खालूनच विचारले.

"आता विचारतोस होय? उजवा वाईट. डावा त्याहून वाईट."

त्याने वही काढली नाही. ती रोज एक ओळ उलटायला मदत करू लागली आणि एके दिवशी, वीट उलटता उलटता, आपणहून म्हणाली, "माझ्या आज्याचा बाप पेडर. त्याची बायको वोल्बोर्ग. भारी कजाग होती म्हणे." त्याने नावे तोंडपाठ केली आणि संध्याकाळी गोठ्यात जाऊन लिहिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. जुलैत रास रचून झाली तेव्हा एकतीस नावे झाली होती.

"चल माझ्याबरोबर," दोन वर्षे संपवून निघताना तो म्हणाला.

"गाय आहे तोवर येत नाही."

घरी परतला तो लाउस्ट दुपटीने राबू लागला. मंदिरावरची मजुरी गहू, बटाटे, मटण अशी मिळे, त्यावर बोटीचे तिकीट मिळत नाही. म्हणून दोन हिवाळे तो उत्तरेला रेल्वेच्या पुलाचे दगड घडवायला गेला. तिथे रोकड होती आणि थंडी अशी की टाकी हाताला चिकटे. नखे काळी पडली. पैसे सिसेलकडे देई आणि म्हणे, "आईचे."

"गाय अजून ठणठणीत असेल तर?"

"तर पैसेही ठणठणीत राहतील."

१८८० च्या वसंतात पत्र आले, गावच्या शाळामास्तरने लिहिलेले. आबेलोनेचे आयुष्यातले पहिले उत्तर.

"गाय मेली. यायला तयार आहे. तुमच्या पाण्यात मी उतरणार नाही. कॉफी मी उघड्या खिडकीत पिणार. आणि पहिला कप तू माझ्यासमोर बसून घेणार. तो त्या दिवसाचा राहिलाय. कबूल नसेल तर कळव, मी दुसरी गाय घेते."

लाउस्टने पत्र तीन दिवस खिशात ठेवले. त्या तीन दिवसांत त्याचा एक दगड वाकडा फुटला, आणि खाणीतल्या सगळ्यांनी येऊन तो बघितला. चौथ्या दिवशी तो बिशपकडे गेला आणि पत्र पुढे धरले.

बिशपने वाचले. दाढी खाजवली.

"बंधू, माझी सासू आली होती ना, तेव्हा तिची किटली चढली की मी घोड्याला पाणी पाजायला जायचो. वर्षभर घोडा नुसता पाणीच पीत होता."

"पण मला बसून घ्यायचंय. तिच्यासमोर."

"एक कप?"

"एक. पण नेम मोडतो."

"मोडतो," बिशप म्हणाला. "आणि मागे तू काय मोडलंस, ते जोडायला दुसरं काही आहे का तुझ्याकडे?"

नव्हते. लाउस्टने तिकीट पाठवले.

ऑगस्टात ती आगगाडीतून उतरली. एक पेटी, अंगावर काळी शाल, आणि कापडात गुंडाळलेले दोन कप. हातगिरणी वाटेत बोटीवर चोरीला गेली, म्हणून ती सगळ्या अमेरिकेवर चिडलेली होती. बैलगाडीत दोन दिवस ती गिरणीबद्दलच बोलत होती.

घरी आल्यावर सिसेलने तिला खिडकीपाशी बसवले आणि पडदा बाजूला सारला. लाउस्टने फडताळातून नवी गिरणी काढली. तिला आणायला निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानातून घेतलेली, लोखंडी मुठीची.

"तू घेतलीस?" आबेलोनेने विचारले.

"तुझी चोरीला जाईल हे मला कुठे माहीत होतं? मी दळणार होतो."

"तुला कुठे येतं! दे इकडे."

तिने गुडघ्यांत धरून दळली. उजवा गुडघा दुखला तेव्हा तोंड वाकडे केले, पण थांबली नाही. दोन कप भरले. समोरून जाणाऱ्या शेजारणीने खिडकीत बघितले आणि घाईने मान फिरवली.

"अर्धाच," लाउस्ट म्हणाला.

आबेलोनेने काठोकाठ भरला.

तो बसला आणि प्यायला. मध्ये थांबला नाही. कप रिकामा करून पालथा घातला. तिने तो उचलून आत बघितले, एकही थेंब राहिला नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "आता काढ तुझी वही आणि सांग. सिसेलची आजी कोण होती?"

दुसऱ्या पहाटे साडेतीनला तो जवाचे पाणी पिऊन खाणीत गेला. पुढे त्याने कॉफीला कधी हात लावला नाही, आणि आईने कधी विचारले नाही. दोन हिवाळ्यांच्या पुलाच्या दगडांतून एक बोटीचे तिकीट निघाले, एक रेल्वेचे, एक लोखंडी मुठीची गिरणी आणि दोन शेर कॉफीचे दाणे. दाणे नाताळापर्यंत पुरले.