पावशेरची माय कोण

खापरखेड्याच्या अलीकडच्या त्या डुक्करघरात कामाला लागल्यापासून इंदूबाईच्या रोज दोन आंघोळी होऊ लागल्या. आत जाताना एक, बाहेर येताना एक. डुकराची किडनी माणसाला बसवता येईल का, याच्या संशोधनासाठी तिथं निवडक डुकरं पाळली होती.

पहिल्याच आठवड्यात डॉक्टर भैरवीनं तिला समजावलं होतं. भैरवी बोलायची ती श्वास घ्यायला विसरल्यासारखी. "हे विषाणू बाहेरून येत नाहीत इंदूबाई, ते डुकराच्या वंशातच असतात, आईबापाकडून पिल्लाला येतात, कितीही धुवा, जात नाहीत. त्यातला सी नावाचा प्रकार काही डुकरांत असतो, काहींत नसतो. तो दुसऱ्या प्रकाराशी जुळला तर माणसाला जास्त धोका, म्हणून सी नसलेलीच डुकरं निवडायची, कळलं?"

"कितीबी धुतलं तरी जात नाई?"

"नाही."

"मंग मले दोन बार आंघोळ काहून कराले लावता, मॅडम?"

"तुमची सर्दी त्यांना लागू नये म्हणून!"

या गोष्टीला तीन वर्षं झाली. आता कोणतं डुक्कर भुकेनं ओरडतंय आणि कोणतं नुसतं नखऱ्यानं, हे इंदूबाई दाराबाहेरून सांगायची.

शेडमध्ये दोन रांगा होत्या. अलीकडे सी नसलेली डुकरं, पलीकडे सी असलेली, तुलनेसाठी ठेवलेली. यंदा दोन्हीकडची एकेक डुकरीण एकाच दिवशी व्याली. पलीकडचीला झाली चौदा पिल्लं आणि थानं बारा. अलीकडच्या रानीला झाली आठच. चौदातलं सगळ्यांत बारकं पिल्लू नुसतंच ढकललं जात होतं. इंदूबाईनं त्याचं नाव ठेवलं पावशेर.

घरी तिनं जन्मभर बकऱ्या पाळलेल्या. एकीचं करडू दुसरीला लावायचं तर दुसरीच्या अंगाचा वास त्याला चोळायचा, ही तिची जुनी रीत. तिनं रानीखालचं गवत पावशेरला चोळलं आणि त्याला रानीच्या कुशीत सारलं. भिंतीवर पाटी होती, ‘पिल्लू हलवू नये’. पण वंशातलं वंशात राहते, दुधानं काय होते, असा तिचा हिशेब. तिसऱ्या दिवशी कानात बिल्ले मारताना पिल्लांची नोंद झाली आणि पावशेर वहीत रानीचं नववं पोर होऊन बसला.

महिन्यानं रक्ताचा निकाल आला. रानीच्या एका पिल्लात सी.

भैरवीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा हळू झाला. "रानीत सी नाही. बापात नाही. तीन-तीन वेळा तपासलंय. मग पिल्लात आला कुठून? म्हणजे आपली तपासणीच चुकतेय. तीन वर्षांची."

पर्यवेक्षक कृष्णकांत सर प्रत्येक वाक्याला ‘काय’ची शेपटी लावायचे. "टेक्निकली कळपच रद्द होतो, काय. सोमवारी समिती येतेय, काय."

"रद्द म्हंजे?" इंदूबाईनं विचारलं.

सर चष्मा पुसायला लागले. "रद्द म्हणजे... रद्द, काय."

अलीकडच्या रांगेत सव्वीस जनावरं होती. इंदूबाईच्या हातातली बादली तिथंच राहिली.

सोबत काम करणाऱ्या नत्थूनं तिला पिल्लू हलवताना पाहिलं होतं. तो कुजबुजला, "चूप राय वं. तोंड उघडशीन तं नोकरी जाईन."

"जाऊ दे गा. सव्वीस जीव जाऊन राहिले, अन् मी माह्या पोटापाण्याचं पाहू?"

ती सरळ भैरवीच्या टेबलापुढे उभी राहिली. "मॅडम, तुमची तपासणी बरोबर हाये. ते पिल्लू रानीचं नाई. मीनं पलीकडून आणून ठेवलं."

कृष्णकांत सरांचा चेहरा एकदम खुलला. "अहो, मग सोपं आहे! बिल्ले अदलाबदल झाले असं लिहू, काय. तुमचंही नाव नको, काय."

"नाई."

"अहो, तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"उद्या या डुकरायची किडनी कोणाच्या पोटात बसन, सर. तो माणूस वहीवर भरोसा ठेवून निजन. लिवा, इंदूबाईनं हलवलं. म्हंजे खरं-खोटं तपासता येईन."

भैरवीनं लिहिलं. मग म्हणाली, "तुमच्या शब्दावर नाही चालणार हं. पावशेरची आई रक्तावरून शोधावी लागेल. आणि आठही पिल्लं, रानी, सगळी पुन्हा. एकत्र राहिलीत ना, सी डुकरातून डुकरात गेला असेल तर?"

तो ‘तर’ इंदूबाईच्या मनात आलाच नव्हता. ती पहिल्यांदा घाबरली. "तपासा. सगळे तपासा."

समितीला पुढची तारीख दिली, पावशेरला वेगळ्या खणात ठेवलं. आठ दिवस इंदूबाईला शेडबंदी होती. ती फाटकाशी बसून गमबूट घासायची. आतून चिरका आवाज आला की हात थांबायचा. "पावशेर. भूक नाई, नखरा," असं म्हणून पुन्हा ब्रश चालवायची.

नवव्या दिवशी भैरवी धावतच आली. पावशेरची आई पलीकडचीच. रानी आणि आठही पिल्लांत सी नाही, तरी वर्षभर दर महिन्याला तपासायची. कळप राहिला. इंदूबाईच्या हातात मात्र लेखी ताकीद पडली, तिनं पेन घट्ट धरून सही केली आणि वही मागितली.

"आता काय?" भैरवी म्हणाली.

"यात मायचा खाना हाये. दूध पाजणारीचा नाई. कोणाचं लेकरू कोणापाशी निजलं, तेबी लिवाले पाहिजे ना?"

भैरवीनं पट्टी घेतली आणि नवा रकाना आखला. वर मथळा घातला ‘दूधमाय’. पहिल्या ओळीत पावशेरपुढे इंदूबाईनं एकेक अक्षर दाबून लिहिलं, रानी. तारीख टाकली. मग आंघोळ करून आत गेली आणि पावशेरला उचलून पलीकडच्या रांगेत पोचवायला निघाली.