कुत्र्यासाठी शेळ्या

शेळ्यांसाठी कुत्रा पाळणारे पुष्कळ भेटतात. कुत्र्यासाठी शेळ्या पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या घरात राहत होता. वरणगावच्या कारखान्यात उभी हयात मशीनं दुरुस्त करून नाना निवृत्त झाले होते. त्यांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर मात्र अजून नोकरीत होता. चहाला आले की बोलता बोलता आमच्या खुर्चीचा डुगडुगणारा हात घट्ट करून जात. चहा कसा झाला, हे विचारूनही सांगत नसत.

त्या काळात आमच्या कॉलनीत ज्याने दुमजली घर बांधलं त्याने फाटकाशी अल्सेशियनही बांधायचा, अशी रीत पडली होती. बदली झालेल्या एका अधिकाऱ्याने आपला ‘मेजर’ नानांच्या गळ्यात टाकला. नानांनी पहिल्याच दिवशी त्याचा हुद्दा काढून घेतला आणि ‘सोन्या’ म्हणायला सुरुवात केली. साखळीही काढली. तेव्हा कळलं, की सोन्याला चावण्यात काडीचा रस नाही. त्याला माणसं गोळा करायचं वेड आहे. सत्यनारायणाला आलेल्या बायका त्याने भोवती फिरून फिरून तुळशीपाशी एका कोपऱ्यात आणल्या, आणि प्रसाद तिथेच वाटावा लागला. कॉलनीचे अध्यक्ष सकाळी फिरायला निघाले, तर त्यांना रेटत रेटत त्यांच्याच फाटकात नेऊन सोडलं. अध्यक्षांना आजवर कुणी असं वळवलं नव्हतं. ते म्हणाले, “नाना, आठ दिवसांत याचा बंदोबस्त करा. नाहीतर मी नगरपालिकेची गाडी बोलावतो.” त्या गाडीतून गेलेला कुत्रा परत येत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कुणी साखळी सुचवली, कुणी काठी. नाना ओट्यावर बसून नुसते सोन्याकडे बघत राहिले, अडलेल्या मशीनकडे बघावं तसे. मग मला म्हणाले, “बिघाड नाही हो याच्यात. याची जातच मेंढरं वळणारी. काम नाही म्हणून तापतोय.” आणि साक्रीच्या मेहुण्याकडून चार शेळ्या टेम्पोत घालून घेऊन आले. त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, चिडल्या की थेट माहेरच्या बोलीत शिरत. “कुत्रासाठे बकऱ्या? बठ्ठा गाव हासी राह्यना.”

“हासू दे,” नाना म्हणाले. “त्याले काम भेटनं ना.”

इस्त्रीची पॅन्ट, मनगटावर घड्याळ घातलेले नाना, पुढे शेळ्या आणि त्यांच्या मागेपुढे पळणारा सोन्या, अशी मिरवणूक रोज कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर जाऊ लागली. सोन्या इतका निवला, की अध्यक्ष शेजारून गेले तरी ढुंकून बघेना. अध्यक्षांना तेही जरा लागलं असावं. शेळीच्या दुधाला नाना तोंड लावत नसत. ते अध्यक्षांच्या नातवाला जाई. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे काही वर्षांनी सोन्याचे मागचे पाय गेले. मी म्हटलं, “नाना, आता शेळ्या विकून टाका.”

“आणि त्याला काय सांगू?” ते म्हणाले.

एका संध्याकाळी मी गच्चीवरून पाहिलं. सोन्या फाटकात बसला होता. नाना एका हाताने गुडघा दाबत, स्वतःच गोल फिरून, पांगलेल्या शेळ्या गोळा करत होते. तीन आत घातल्या. चौथी त्यांनी मुद्दाम सोन्याच्या अंगावरून आणली आणि थांबले. सोन्या बसल्या जागेवरून एकदा भुंकला. शेळी आत पळाली. नानांनी फाटक लावलं, वाकून त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, “झालं बाबा तुझं काम. चल आता घरात.”