आमच्या घरी पाळलेले उपवास

माझ्या मित्रानं चाळीस वर्षांत आमच्या घरी जितके उपवास पाळले, तितके एखाद्या संन्याशानंही पाळले नसतील. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, प्रदोष आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या. एखाद्या रिकाम्या बुधवारी आला, तर त्या दिवशी त्याचं पोट बिघडलेलं असायचं. बाहेर मात्र गडी खाण्यात वाघ. बुरहानपूरच्या शनवारा भागात हलवायाच्या कढईसमोर माझ्याबरोबर उभा राहून मावा जिलेबी अशी हाणायचा की हलवाई कौतुकानं बघत राहायचा. तो वारही बहुतेक सोमवारच असायचा.

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. मी खकनारकडच्या एका खेड्यातला, गावाबाहेरच्या वस्तीतला. कोणती वस्ती ते मराठी माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. तो शहरातल्या बुधवारा भागातला, तापीकाठी केळीच्या बागा असलेल्या घरचा. आमच्या घरी त्याला भूक का लागत नसे, हे आता तुमच्या ध्यानात आलंच असेल.

तुम्ही म्हणाल, असला कसला मित्र? थांबा, लगेच निकाल देऊ नका. मी बदली होऊन शहरात आलो तेव्हा मला खोली मिळेना. घरमालक आधी नाव विचारत, मग आडनाव विचारत, आणि आडनाव ऐकलं की त्यांच्या मेहुण्याला अचानक त्याच खोलीची गरज पडे. असे सहा-सात मेहुणे झाल्यावर माझा मित्र भडकला. एका मालकाच्या ओट्यावर जाऊन बसला आणि म्हणाला, "मेहुण्याला बोलवा. तो येईपर्यंत मी इथून हलत नाही." मेहुणा होताच कुठं? संध्याकाळी मला किल्ली मिळाली. बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा त्याच्याच स्कूटरवरून तिला दवाखान्यात नेलं. आणि त्या काळच्या आमच्या हेडमास्तरांनी, माठाला माझा हात लागू नये म्हणून शिपायाला वरून पाणी ओतायला सांगितलं, तर या पठ्ठ्यानं तो माठच फोडला आणि "हातातून निसटला" असं लेखी दिलं. नवीन माठाला सगळ्यांचे हात लागले.

असा माणूस. पण आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की एकदम भक्त.

या विषयावर तो एकदाच बोलला. मान खाली घालून म्हणाला, "भो, आईनं शपथ घातलीय. म्हातारी आहे तोपर्यंत चालवून घे ना यार." मी चालवून घेतलं. म्हातारी नव्वदीपर्यंत ठणठणीत होती.

मधला तोडगा मीच काढला, आणि त्याचा मला फार अभिमान होता. केळी. केळं कुणीही आणावं, कुणीही ठेवावं, साल काढली की आतलं केळं कुणाच्याच हाताचं नसतं. कडक सोवळ्याची माणसंसुद्धा केळ्याला नाही म्हणत नाहीत. तेव्हा तो येताना दिसला की मी आधीच केळी मांडून ठेवायचो. आता बुरहानपुरात पाहुण्यापुढं केळी ठेवणं म्हणजे तापीवर अंघोळीला निघालेल्याला तांब्याभर पाणी देणं. ज्याच्या बागेतून केळीचे ट्रक भरून जातात, त्याला मी हातगाडीवरची अर्धा डझन केळी द्यायचो, आणि तो ती "वा, गोड आहेत" म्हणून खायचा. आम्ही दोघंही शिकलेसवरलेले, पण याचं आम्हाला कधी हसू आलं नाही.

माझ्या बायकोला मात्र संताप यायचा. तिला बाकी काही नको होतं. या माणसानं एकदा, फक्त एकदा, तिच्या हातचं पोटभर जेवावं, एवढंच तिच्या मनात होतं. तिच्या हातची वरण-बट्टी आमच्या अख्ख्या नातेवाइकांत नावाजलेली. लोक दोन-दोन तास बसनं प्रवास करून यायचे, आणि रोज स्कूटरवर येणारा हा माणूस केळं खाऊन जायचा. तिनं लढाई सुरू केली. "भाऊजींचा उपवास आहे ना? मग भगर केलीय, दाण्याची आमटी केलीय." तो दचकला. म्हणाला, "वहिनी, आजचा निर्जळी आहे." बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हातात अर्धं केळं आहे. त्यानं ते कसंबसं गिळलं.

मग त्याची आई गेली. तेरावं झालं, महिना गेला. एका मंगळवारी तो आला तेव्हा बायकोनं सकाळपासून वरण-बट्टीचा घाट घातलेला होता. ताट वाढणार एवढ्यात तो म्हणाला, "आज संकष्टी." बायकोनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं. संकष्टी आठ दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. तिनं ते कॅलेंडर त्याच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगलं आणि आत गेली. मी केळी आणली.

असं म्हणू नका की काहीच बदललं नाही. माझ्या डोळ्यांदेखत इतकं बदललं की कधीकधी माझाच विश्वास बसत नाही. लहानपणी गावच्या लग्नात आम्ही घरून ताटल्या घेऊन जायचो आणि सगळ्या पंगती उठल्यावर खळ्याच्या कडेला बसायचो. वाढणारा हात उंच धरून वाढायचा, वरण निम्मं ताटलीत आणि निम्मं धुळीत. आज त्याच गावातल्या लग्नांचं केटरिंग माझा पुतण्या करतो. समाजसुधारकांना शंभर वर्षांत जमलं नाही ते बुफेनं दोन सीझनमध्ये करून टाकलं. ताट हातात घेऊन उभ्या माणसाला शेजारी कोण उभा आहे हे दिसत नाही, त्याला फक्त पनीर दिसतं. दुसरा उपकार पाण्याच्या जारचा. तो कुणी भरला, कुणी उचलला, कुणी उलटा करून ठेवला, आजवर एकानंही विचारलेलं नाही.

आणि मित्राची नात. कॉलेजात शिकते, माझ्या नातीची मैत्रीण. ती आमच्या घरी येते ती सरळ फ्रीज उघडते. "आजी, जोर की भूक लगी है यार, कालची बट्टी उरलीय का?" गॅससमोर उभी राहून ती शिळी बट्टी तुपात परतून खाते आणि बोटं चाटते. बाहेरच्या खोलीत तिचा आजोबा केळं सोलत बसलेला असतो. दोघांमध्ये एक पडदा आणि पन्नास वर्षं.

तर गेल्या हिवाळ्यात आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळानं शनवाऱ्यात कार्यक्रम ठेवला. विषय होता, 'आमच्या डोळ्यांदेखत बदललेला समाज'. बोलणार आम्ही दोघं. आमची जोडी म्हणजे मंडळाच्या दृष्टीनं या विषयाचा चालता-बोलता पुरावा. मी बुफे आणि जार यांवर चार पानं लिहिली. निघताना बायकोनं विचारलं, "खरं सांगणार ना?" मी म्हणालो, "सगळं खरंच लिहिलंय." ती म्हणाली, "लिहिलंय ते नव्हे, राहिलंय ते."

मित्र आधी बोलला. छान बोलला. माठाची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग त्याला रंग चढला. माझ्याकडे हात करून म्हणाला, "आमच्यात जात-पात राहिलीच नाही. चाळीस वर्षं मी या माणसाच्या घरी जेवतोय. वहिनींच्या हातची वरण-बट्टी, आहाहा! अख्ख्या बुरहानपुरात तशी मिळणार नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या.

का वाजवल्या, ते देव जाणे. सगळे वाजवत होते. मग मी उठलो आणि माझी चार पानं वाचली. बुफेला हशा मिळाला, जारला त्याहून जास्त मिळाला. राहिलं होतं ते राहिलंच. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? बायकांच्या बाजूनं माझी बायको उठली.

"भाऊजी, एकच विचारते," ती म्हणाली. "माझी बट्टी भाजलेली असते का तळलेली?"

सभागृहात सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या फुलदाणीकडं बघितलं. मग त्यानं अंदाज केला, "भाजलेली. गोवऱ्यांवर."

"मी उकडून तळते," ती म्हणाली आणि खाली बसली.

लोक पोट धरून हसले. म्हातारपणी असंच होतं, कुणीतरी म्हणालं, चाळीस वर्षं खाऊनही लक्षात राहत नाही. सगळ्यांना ती दीर-भावजयीची थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे फक्त आम्हा तिघांना कळलं होतं.

आम्ही रिक्षानं निघालो. घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "ते खोटं बोलले, ते मी समजू शकते. तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?"

मी म्हणालो, "सवय."

"आणि केळीसुद्धा त्यांनी कधी मागितली नव्हती. ते नाही म्हणायच्या आतच तुम्ही पुढं करायचे. माझ्या जेवणाला नाही म्हणायची तसदीसुद्धा तुम्ही त्यांना कधी पडू दिली नाही."

मला भयंकर राग आला, कारण ते अक्षरन् अक्षर खरं होतं. इतकी वर्षं मी त्याला सांभाळत होतो आणि त्याला मैत्री म्हणत होतो. स्वयंपाकघरात जी एकटी ताटं झाकून ठेवत होती, तिला कुणी सांभाळलं नाही.

मित्र येईनासा झाला. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. त्याची नात येऊन सांगून गेली, "आजोबा एकदम गुमसुम बसून राहतात. कुणाशी बात नाही, काही नाही." मी घाबरलो. या वयात जुना मित्र गेला तर नवा कुठून आणणार? मी बायकोला म्हणालो, तुटलं आता. ती म्हणाली, "तुटायला आधी नीट जोडलेलं असावं लागतं. येतील."

नवव्या दिवशी भर दुपारी तो आला. बाहेरच्या खोलीत थांबलाच नाही. चपला काढल्या, तडक स्वयंपाकघरात गेला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. त्या गुडघ्यांनी कसा बसला कोण जाणे.

"वाढा वहिनी," तो म्हणाला.

बायकोनं हात पुसले. "भाऊजी, आज एकादशी आहे."

"मालूम आहे मला."

आता सांगायला हवं, त्याचे बाकीचे सगळे उपवास आमच्यापुरतेच असले तरी एकादशी खरी होती. ती त्यानं तापातसुद्धा मोडलेली नव्हती. मला गलबलून आलं. मी ताट घ्यायला उठलो. बायकोनं मला हातानं थांबवलं.

"नाही वाढणार," ती म्हणाली. "माझं जेवण म्हणजे काय प्रायश्चित्त आहे? नेम मोडून, पाप डोक्यावर घेऊन जेवायला यायचं असेल तर येऊ नका. मला भूक लागली म्हणून जेवणारा माणूस पाहिजे. उद्या बारस आहे. उपवास सोडायला या."

त्यानं जमिनीवर हात टेकला. मग मला म्हणाला, "भो, हात दे, उठता येत नाही." मी त्याला उठवलं. तो निघून गेला. रात्रभर मी बायकोवर चडफडत होतो. चाळीस वर्षांनी जेवायला बसलेला माणूस उपाशी परत पाठवला! ती घोरत होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच तो हजर. दाढी केलेली, धुतलेला सदरा, लग्नाला आल्यासारखा. बायकोनं वाढलं. त्यानं बट्टी कुस्करली, वरण घातलं, वर तूप घातलं, आणि पहिला घास घेतला. आम्ही दोघं त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्यानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. चार बट्ट्या झाल्या. पाचवी मोडताना त्याचा हात थांबला.

"वहिनी," तो ताटाकडं बघत म्हणाला, "आईनं शपथ-बिपथ काही घातली नव्हती. ती बिचारी उलट विचारायची, मास्तरच्या घरी रोज जातो, तर काय खातो रे तिथं? मीच तिच्या नावावर खपवलं. मला आतून जमत नव्हतं, आणि ते कबूल करायची शरम वाटत होती."

खरं सांगतो, क्षणभर मला त्याचा इतका राग आला की ताट ओढून घ्यावंसं वाटलं. त्या बिचाऱ्या म्हातारीला आम्ही इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. बायको तिथंच उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"आज जमलं ना?"

"जमलं," तो म्हणाला. "वरणात मीठ मात्र जरा कमी आहे."

संसाराच्या इतक्या वर्षांत मी हे वाक्य एकदा बोललो होतो आणि त्याची फळं आठवडाभर भोगली होती. बायकोनं मिठाची बरणी आणून त्याच्यासमोर ठेवली. मग तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि त्याच्या शेजारी जेवायला बसली. तिला जागा व्हावी म्हणून तो जरासा सरकला.